वॉल्शचे दोन क्वार्टरबॅक

जानेवारी १९८२. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या एका हॉटेलपुढे बस थांबली. बाहेर कडाक्याची थंडी. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचे खेळाडू एकेक करून उतरू लागले, तसा हॉटेलच्या गणवेशातला, टोपी घातलेला एक पांढऱ्या केसांचा कर्मचारी पुढे झाला आणि त्यांच्या हातातल्या बॅगा ओढायला लागला. कुणी बॅग सोडेना, कुणी वैतागला. मग कुणीतरी टोपीखाली नीट वाकून पाहिलं. तो त्यांचा मुख्य प्रशिक्षक होता, बिल वॉल्श. काही दिवसांवर सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना आलेला. पोरं ताणाखाली आहेत, जरा हसू देत, म्हणून पन्नाशीच्या या माणसानं हॉटेलवाल्याकडून गणवेश मागून घेतला होता.

हा किस्सा त्या खेळाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. मला मात्र त्या आठवड्यातली दुसरीच गोष्ट जास्त छळते. वॉल्शचा क्वार्टरबॅक होता जो मोंटाना, वय २५, पुढे या खेळातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झालेला. समोर सिनसिनाटी बेंगल्स. त्यांचा क्वार्टरबॅक केन अँडरसन, वय ३२, त्या मोसमातला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आणि अँडरसनलाही पाय कसे टाकायचे, नजर कुठून कुठे न्यायची, चेंडू हातातून कधी सोडायचा हे दहा वर्षांपूर्वी वॉल्शनंच शिकवलं होतं. एका मैदानावर दोन क्वार्टरबॅक, दोघांचा मास्तर एक, आणि तो फक्त एकाच्या बाजूला उभा.

प्रशिक्षकामुळे क्वार्टरबॅक किती बदलतो, हा वाद तिथे आपल्याकडच्या ‘सचिन की द्रविड’ इतकाच जुना आणि तितकाच न संपणारा आहे. मी हा खेळ सोमवारी पहाटे पाचला फोनवर बघायला लागले (सुपर बोल आपल्याकडे तेव्हाच सुरू होतो) तेव्हापासून मला या वादानं पछाडलंय. पण आजच्या खेळाडूंवर वाद घालण्यापेक्षा ही जुनी कथा उलगडून बघितलेली बरी. कारण इथे निकाल लागून गेलेत आणि आकडे बदलणार नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. मग त्यानं तो कुणाला तरी सोपवायचा, किंवा पुढे धावणाऱ्या आपल्या एखाद्या रिसीव्हरकडे फेकायचा. जेमतेम तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात शंभर-सव्वाशे किलोची चार-पाच माणसं त्याला आडवं करायला धावत येत असतात. पास समोरच्यानं झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर विकेट गेली, आणि वर बॅटही त्यांच्या हातात गेली.

क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधाराचं राज्य असतं. १९९९च्या विश्वचषकात होवच्या मैदानावर भारताविरुद्ध हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला, बाहेरून बॉब वूल्मर त्याच्याशी बोलत होता. सामनाधिकाऱ्यांनी ते काढायला लावलं. आपल्याला तो सरळसरळ आगाऊपणा वाटला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये हाच प्रयोग १९५६ साली झाला होता. क्लीव्हलँड ब्राउन्सचा प्रशिक्षक पॉल ब्राऊन यानं आपल्या क्वार्टरबॅकच्या, जॉर्ज रॅटरमनच्या, हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ बसवला. लीगच्या आयुक्तानं लगेच बंदी घातली. १९९४मध्ये मात्र तीच गोष्ट रीतसर नियमात आली. आज प्रत्येक क्वार्टरबॅकच्या कानात प्रशिक्षकाचा आवाज असतो. चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज तोडला जातो, आणि पुढचं सगळं त्याचं त्यानं बघायचं.

ही पंधरा सेकंदांची रेघ मला फार आवडते. नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की प्रशिक्षकाचं काम कुठेतरी संपलं पाहिजे.

पॉल ब्राऊनबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वॉल्शची कथा त्याच्याच घरात सुरू होते. ब्राऊन मुळात शाळेतला मास्तर आणि शेवटपर्यंत मास्तरच राहिला. खेळाडूंना बाकांवर बसवणं, वह्या भरून घेणं, त्यांच्या परीक्षा घेणं, सामन्यांच्या फिल्म लावून चुका दाखवणं, आज जे सगळे संघ करतात त्यातलं बरंचसं त्यानं पद्धतशीरपणे रुजवलं. त्या काळी कोणती चाल खेळायची हे क्वार्टरबॅक स्वतः ठरवत असे. ब्राऊननं ते काढून घेतलं. तो प्रत्येक चालीला एक खेळाडू निरोप्या म्हणून आत पाठवायचा. त्याचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम याला हे फारसं रुचायचं नाही. पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? ग्रॅहमच्या दहा मोसमांत संघ दहाही वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि सात वेळा जिंकला.

१९६३ उजाडताच क्लीव्हलँडच्या मालकानं ब्राऊनला काढून टाकलं. १९६८ साली त्यानं त्याच राज्यात, सिनसिनाटीत, नवा संघ उभा केला, तो बेंगल्स. तिथे साहाय्यक म्हणून आला बिल वॉल्श.

०

१९६९मध्ये बेंगल्सनी ग्रेग कुक नावाचा क्वार्टरबॅक घेतला. ओहायोचाच मुलगा, सिनसिनाटी विद्यापीठात शिकलेला. उंच, सोनेरी केसांचा, आणि हात असा की चेंडू मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात पडावा. पहिले तिन्ही सामने संघ जिंकला. पण तिसऱ्या सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, कुक खांद्यावर पडला. आतले स्नायू फाटले होते. त्या काळात ते नीट कळलंच नाही. तीन सामने बाहेर बसून तो परत आला आणि फाटक्या खांद्यानं उरलेला मोसम खेळला. तरीही त्या वर्षी त्यानं फेकलेल्या दर पासमागे सरासरी ९.४ यार्ड मिळाले. नवख्याच्या मानानं हा आकडा अचाट आहे. त्यानंतर शस्त्रक्रिया झाल्या. कारकीर्द जवळपास तिथेच संपली.

वॉल्शनं पुढे आयुष्यभर सांगितलं की त्याच्या हाताखाली आलेला सर्वांत गुणी क्वार्टरबॅक ग्रेग कुक होता. मोंटाना, स्टीव्ह यंग यांना शिकवून झाल्यावरही त्याचं हेच मत होतं.

कुक गेल्यावर १९७०मध्ये हाती आला व्हर्जिल कार्टर. दुसऱ्या संघांनी नको म्हटलेला. लांब फेकायला हातात जोर नाही. पण डोकं तल्लख, पाय चपळ, आणि जवळचा पास अचूक. हा कार्टर भलताच इसम होता. खेळत असतानाच त्यानं रॉबर्ट मॅकॉल या प्राध्यापकाबरोबर संशोधनपर लेख लिहिला. मैदानाच्या कोणत्या जागी चेंडू हातात असला तर सरासरी किती गुण पदरात पडतात, याचा हिशेब त्यात होता. आज टीव्हीवर ‘अपेक्षित गुण’ म्हणून जे आकडे झळकतात त्यांचं एक मूळ १९७१च्या त्या लेखात आहे.

आता वॉल्शपुढचा पेच बघा. संघ नवा, धावून यार्ड काढण्याइतकी ताकद नाही, क्वार्टरबॅक लांब फेकू शकत नाही. बहुतेक प्रशिक्षकांनी क्वार्टरबॅकवर बिल फाडलं असतं. वॉल्शनं खेळच बदलला. मैदान शंभर यार्ड लांब असतं, हे सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण ते ५३ यार्ड रुंदही असतं, तिकडे कुणी फारसं बघत नव्हतं. मग पाच-सात यार्डांचे आडवे, तिरके पास सुरू झाले. दर चालीत एकाऐवजी तीन-चार रिसीव्हर, वेगवेगळ्या खोलीवर. क्वार्टरबॅकनं आधी पहिल्याकडे बघायचं, तो मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ही नजर पायांना बांधलेली. तीन पावलं मागे, की पहिला पास. पाच पावलं, की दुसरा. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असायचा. तो वळेल तेव्हा चेंडू तिथे पोचलेला असणार, या भरवशावर.

संगीतातला ताल असतो ना, तसं हे. समेवर यायचंय हे दोघांना ठाऊक असलं की एकमेकांकडे बघावं लागत नाही.

१९७०मध्ये बेंगल्सनी पहिल्या सातपैकी सहा सामने गमावले. त्यानंतरचे सातही जिंकले आणि आपल्या गटात पहिले आले. पुढच्या वर्षी पास पोचवण्याच्या टक्केवारीत कार्टर अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, ६२.२. नको असलेला, हातात जोर नसलेला कार्टर. पुढे या पद्धतीला ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ असं नाव पडलं. त्या नावाचं मला नेहमी हसू येतं, कारण तिचा जन्म पश्चिम किनाऱ्यापासून तीनेक हजार किलोमीटरवर, ओहायो नदीच्या काठी, एका मोडलेल्या खांद्यापायी झालाय.

०

केन अँडरसन १९७१च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत आला. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीनं केलेली निवड. अँडरसनचं ऑगस्टाना कॉलेज इतकं छोटं होतं की मोठ्या संघांचे लोक तिकडे फिरकतही नसत. विषय गणित. वॉल्शनं त्याला पायांपासून सुरुवात करून घडवलं. कुठल्या पायावर भार, खांदे कुठल्या कोनात, मागे सरकताना पावलांची लांबी किती. पास नुसता पोचून चालायचं नाही. धावत्या माणसाच्या छातीसमोर, त्याचा वेग न मोडता पडला पाहिजे, म्हणजे झेलून तो पुढे पळू शकेल.

१९७४ आणि १९७५, सलग दोन वर्षं अँडरसन पासर रेटिंगमध्ये लीगमध्ये पहिला आला. (हे रेटिंग म्हणजे किती पास पोचले, किती यार्ड मिळाले, किती टचडाऊन आणि किती इंटरसेप्शन यांची एक किचकट बेरीज. जास्तीत जास्त १५८.३. असा विचित्र आकडा का, हे विचारू नका.) नोव्हेंबर १९७४मध्ये पिट्सबर्गविरुद्ध त्यानं २२पैकी २० पास पोचवले. पिट्सबर्गची बचावफळी तेव्हा लीगमधली कर्दनकाळ होती आणि तो संघ त्याच मोसमात सुपर बोल जिंकला.

वॉल्श त्या काळात वर प्रेस बॉक्समध्ये बसायचा आणि चाली फोननं खाली कळवायचा. मैदानात त्या जायच्या ब्राऊनच्या नावानं. वर्तमानपत्रांतही तेच. तरी वॉल्श आठ वर्षं थांबला, कारण म्हातारा निवृत्त झाला की खुर्ची आपली, असा त्याचा हिशेब होता. १ जानेवारी १९७६ला ब्राऊन निवृत्त झाला आणि त्यानं खुर्ची दिली बिल जॉन्सन या दुसऱ्या साहाय्यकाला. वॉल्शनं पुढे जाहीरपणे असंही सांगितलं, की आपण दुसरीकडे नोकरी शोधत असताना ब्राऊन त्या संघांना फोन करून आपल्याविरुद्ध बोलत असे. हे सांगताना इतक्या वर्षांनीही त्याची जखम ओली होती.

तो सॅन डिएगोला गेला, तिथे डॅन फाउट्सला वर्षभर शिकवलं. मग दोन वर्षं स्टॅनफर्ड विद्यापीठात. आणि इकडे अँडरसन घसरत गेला. १९७८मध्ये त्यानं १० टचडाऊन पास फेकले आणि २२ इंटरसेप्शन. त्या वर्षी हाताला दुखापत होती, संघही ढेपाळलेला होता. सगळं खापर ‘मास्तर गेला’ यावर फोडणं चुकीचं ठरेल. पण आलेख खालीच जात होता.

०

१९७९मध्ये फोर्टीनाइनर्सनी वॉल्शला मुख्य प्रशिक्षक केलं. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. आदल्या मोसमात त्या संघानं १६पैकी १४ सामने गमावले होते.

माझ्या मते प्रशिक्षकाच्या प्रभावाचा सगळ्यांत शुद्ध पुरावा मोंटाना नाही, स्टीव्ह डीबर्ग आहे. तो आधीपासून संघात होता. १९७८मध्ये, वॉल्श येण्यापूर्वी, त्यानं ३०२पैकी १३७ पास पोचवले, म्हणजे ४५ टक्के. ८ टचडाऊन, २२ इंटरसेप्शन. १९७९मध्ये वॉल्शच्या हाताखाली ५७८पैकी ३४७, म्हणजे ६० टक्के. दोन्ही आकडे तेव्हाचे लीगचे विक्रम. १७ टचडाऊन. पास खेळणं सोपं करणारे मोठे नियमबदल १९७८लाच झाले होते, त्यामुळे दोन्ही मोसमांत नियमांचं पारडं सारखंच होतं. माणूस तोच, हात तोच. बदलला तो मास्तर.

आणि संघानं त्या वर्षी किती सामने गमावले? पुन्हा १६पैकी १४. इंटरसेप्शनही फारशी कमी झाली नव्हती, २१. हा भाग लोक सांगायचा विसरतात. मास्तर विद्यार्थ्याची टक्केवारी पंधरानं वाढवू शकतो, आणि तरी वर्ग नापास होऊ शकतो.

त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ८२व्या क्रमांकावर मोंटाना आला. वॉल्श खरं तर लॉस एंजेलिसला जेम्स ओवेन्स नावाच्या रिसीव्हरला बघायला गेला होता. त्याला चेंडू फेकायला कुणीतरी हवा म्हणून मोंटानाला बोलावलेलं. सोबत होता सॅम वाइश, वॉल्शचा क्वार्टरबॅक-प्रशिक्षक आणि बेंगल्सचा पहिल्या मोसमातला क्वार्टरबॅक. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. वॉल्शची नजर मोंटानाच्या हाताकडे गेलीच नाही, ती पायांकडे गेली. हलके, झरझर, तोल न जाणारे. हात मध्यम ताकदीचा आहे, म्हणून इतर संघ त्याला टाळत होते. ज्यानं कार्टरवर संघ उभा केला होता त्याला मध्यम हाताची कसली भीती?

मग त्यानं घाई केली नाही. पहिल्या वर्षी मोंटानानं जेमतेम २३ पास फेकले. दुसऱ्या वर्षी वॉल्श त्याला निवडून निवडून आत पाठवायचा: चेंडू गोलरेषेजवळ आलाय, चाल त्याला येते ती आहे, जमण्याची शक्यता जास्त आहे, अशा वेळी. पोराला आधी जिंकायची चव लागू दे. १९८१ला डीबर्गला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. डीबर्गनं काय चूक केली होती? काहीच नाही. शिकवल्यासारखा शिकला, आणि ती शिकवण जास्त शोभून दिसणारा दुसरा मिळाला. हे मला अजून खटकतं.

१० जानेवारी १९८२ला डॅलसविरुद्ध, शेवटचं मिनिट, सहा यार्ड बाकी. मोंटाना उजवीकडे धावत सुटला. पहिला रिसीव्हर फ्रेडी सॉलोमन घसरला. तीन दांडगे बचावपटू अंगावर येतायत. त्यानं चेंडू असा उंच फेकला की प्रेक्षकांना वाटलं, बाहेर टाकून दिला. मागच्या बाजूला ड्वाइट क्लार्कनं उडी मारून बोटांच्या टोकांवर झेलला. २८-२७. अमेरिकेत त्याला नुसतं ‘द कॅच’ म्हणतात. बघताना ती निव्वळ उत्स्फूर्त करामत वाटते. पण पहिला अडकला तर दुसरा मागच्या रेषेवर असेल आणि पास उंचच फेकायचा, हे सरावात घोटून घेतलेलं होतं.

दोन आठवड्यांनी पॉन्टिअॅकमध्ये बेंगल्स. वॉल्श पहिल्या २५ चाली आदल्या रात्रीच लिहून काढायचा. ही सवयही सिनसिनाटीतली, ब्राऊन त्याला सामन्याआधी ‘सुरुवातीला काय आहे तुझ्याकडे’ असं विचारायचा त्यातून लागलेली. मध्यंतरापर्यंत २०-०. मग अँडरसन उठला. त्यानं ३४पैकी २५ पास पोचवले, ३०० यार्ड. पोचवलेल्या पासांचा हा आकडा सुपर बोलमधला तेव्हाचा विक्रम. मोंटानाचे १४ पास, १५७ यार्ड. तिसऱ्या सत्रात बेंगल्स गोलरेषेच्या एक यार्डावर येऊन अडकले आणि सामना २६-२१नं गेला. सामनावीर मोंटाना. आकडे बघितले तर वॉल्शचा धडा त्या दिवशी जास्त नेमका गिरवला तो हरलेल्या विद्यार्थ्यानं.

इथे एक पेच आहे, तो लपवत नाही. अँडरसनचं १९८१चं अप्रतिम वर्ष, २९ टचडाऊन आणि फक्त १० इंटरसेप्शन, हे वॉल्शशिवायचं आहे. तेव्हा त्याचे प्रशिक्षक वेगळे होते. आणि मोंटानाचं सर्वोत्तम वर्ष कोणतं? १९८९. रेटिंग ११२.४, सत्तर टक्के पास अचूक, अंतिम सामन्यात डेन्व्हरचा ५५-१० धुव्वा. वॉल्श त्याआधीच्याच मोसमानंतर निवृत्त झाला होता. त्याचा शेवटचा सामना जानेवारी १९८९चा सुपर बोल, पुन्हा बेंगल्सविरुद्धच. समोरच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक सॅम वाइश. तीन मिनिटांत ९२ यार्ड, मोंटाना, २०-१६.

मास्तर गेल्यावर विद्यार्थी अधिक चांगला खेळला, याचे दोन अर्थ लावता येतात. एक, मास्तराची फार गरज नव्हतीच. दोन, शिकवण मुरायला वेळ लागतो. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण एक गोष्ट कबूल करायला हवी. वॉल्श शेवटच्या वर्षांत मोंटानाशी रुक्ष वागला. जानेवारी १९८८मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीत त्यानं मोंटानाला मध्येच बाहेर काढून स्टीव्ह यंगला उतरवलं. मोंटानाच्या मनातून ते कधी गेलं नाही. १९८९मध्ये त्याच्या डोक्यावरची ती टांगती तलवार निघाली होती, हेही एक कारण असू शकतं.

०

आतापर्यंत ज्यांची नावं घेतली ते सगळे क्वार्टरबॅक गोरे आहेत. हा योगायोग नव्हता. त्या काळात काळा मुलगा कॉलेजात कितीही चांगला क्वार्टरबॅक असो, व्यावसायिक संघ त्याला सांगत: तू रिसीव्हर हो, नाहीतर बचावात खेळ. विचार करणं, पुढारपण, हे तुझं काम नाही, असा त्याचा अर्थ. मिनेसोटा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टोनी डंजी १९७७मध्ये कुणीच निवडला नाही. त्याला बचावपटू व्हावं लागलं. १९७९मध्ये तो वॉल्शच्याच संघात होता, बचावात. वॉरन मून कॅनडाला गेला आणि तिथे पाच अजिंक्यपदं मिळवून मगच परतला. म्हणजे प्रशिक्षकानं कसं शिकवलं, हा नंतरचा प्रश्न. कुणाला वर्गात बसू दिलं, हा आधीचा.

डग विल्यम्स हा ग्रँबलिंगचा, काळ्या विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९७८मध्ये टँपा बेचा एक साहाय्यक प्रशिक्षक, जो गिब्ज, त्याला बघायला तिथवर गेला. नुसता हात बघून परतला नाही. त्याच्याबरोबर बसला, बोलला, फळ्यावर चाली मांडून घेतल्या. टँपानं विल्यम्सला पहिल्याच फेरीत घेतलं. पहिल्या वर्षी त्याचे ३८ टक्केही पास पोचले नाहीत आणि त्याच वर्षाअखेर गिब्ज निघून गेला. तरी पाच मोसमांत विल्यम्सनं त्या दुबळ्या संघाला तीनदा बाद फेरीत नेलं. पगार मात्र इतर संघांतल्या कित्येक राखीव क्वार्टरबॅकपेक्षा कमी. वाढ नाकारली गेली, तो संघ सोडून गेला. १९८६मध्ये कुणालाच तो नको होता, तेव्हा वॉशिंग्टनहून फोन आला. तिथला मुख्य प्रशिक्षक होता जो गिब्ज.

३१ जानेवारी १९८८, सुपर बोल. वॉशिंग्टन १०-० मागे, विल्यम्सचा गुडघा पिरगळलेला. दुसऱ्या सत्रात त्यानं चार टचडाऊन पास फेकले. एका सत्रात ३५ गुण. शेवटी ४२-१०, ३४० यार्ड, सामनावीर. सुपर बोलमध्ये संघाची सुरुवात करणारा आणि जिंकणारा पहिला काळा क्वार्टरबॅक. गिब्जनं त्याचं काय बदललं याचा हिशेब डीबर्गसारखा टक्केवारीत मांडता येत नाही. दहा वर्षांपूर्वी तो एकदा तिथे गेला होता आणि ते विसरला नव्हता, एवढंच.

वॉल्शच्या बाजूनंही एक नोंद: १९८७मध्ये त्यानं कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक प्रशिक्षकांना संघात येऊन काम शिकता यावं म्हणून एक योजना सुरू केली, ती पुढे लीगनं आपली केली.

०

वॉल्शच्या हाताखाली क्वार्टरबॅक-प्रशिक्षक असलेला माइक होल्मग्रेन १९९२मध्ये ग्रीन बेला गेला. तिथे त्यानं ब्रेट फार्व्ह नावाच्या वळूला वेसण घातली. फार्व्ह १९९५पासून लागोपाठ तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. होल्मग्रेनच्या हाताखाली होता अँडी रीड.

आणि इकडे, वॉल्शच्याच सॅन फ्रान्सिस्कोत, २००५मध्ये अॅलेक्स स्मिथ हा ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू आला. पहिल्या वर्षी १ टचडाऊन, ११ इंटरसेप्शन. त्याची पहिली सात वर्षं बघा: आक्रमण सांभाळणारा प्रशिक्षक जवळजवळ दर वर्षी नवा. प्रत्येकाची चालींची भाषा वेगळी, पावलांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे दर सहामाहीला गणिताचा मास्तर बदलावा आणि प्रत्येकानं ‘आधीचं विसरा’ म्हणून सुरुवात करावी, तसं. लोक स्मिथला ‘फुसका बार’ म्हणायचे. २०११मध्ये जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक झाला. तो स्वतः जुना क्वार्टरबॅक. स्मिथनं १७ टचडाऊन आणि केवळ ५ इंटरसेप्शन फेकली, संघ १६पैकी १३ सामने जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्या डोक्याला मार लागला, तो दोन आठवडे बाहेर बसला, आणि हार्बोनं ती जागा कॉलिन कॅपर्निकला दिली. डीबर्गची गोष्ट पुन्हा.

स्मिथ २०१३मध्ये कॅन्सस सिटीला गेला, अँडी रीडकडे. २०१७ला संघानं पॅट्रिक महोम्स नावाच्या पोराला ड्राफ्टमध्ये घेतलं. म्हणजे स्मिथला सरळ नोटीसच होती. त्या वर्षी स्मिथ आयुष्यातलं सर्वोत्तम खेळला, रेटिंगमध्ये लीगमध्ये पहिला, १०४.७. आणि त्या वर्षभर महोम्स त्याच्या शेजारी बसून फिल्म बघत होता: सामन्याच्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय बघायचं, समोरची बचावफळी चाल सुरू होण्याआधी काय लपवतेय, ते कसं ओळखायचं. महोम्सनं हे नंतर अनेकदा सांगितलंय. शिकवणं हे स्मिथच्या करारात कुठेही नव्हतं. मोसमाचा शेवटचा सामना तेवढा महोम्सला मिळाला. काही आठवड्यांत स्मिथला वॉशिंग्टनला द्यायचं ठरलं, आणि पुढच्या मोसमात महोम्सनं ५० टचडाऊन पास फेकले.